कापलेल्या पाकटाची जात

आज पुन्हा तोच प्रश्न. चोर्ला घाट चढून बेळगावात आलेलं पाकट (लांब शेपटीचा चपटा मासा) कापलं, शेपूट-कातडं गेलं, की जात सांगणार कशी? डीएनएच वाचावा लागतो. आतल्या मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा त्याच्या दहापट ९५ टक्के इथेनॉलमध्ये (म्हणजे अल्कोहोलमध्ये) ठेवा. दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, मांसातल्या पाण्यानं ते पातळ होतं. वरचा बुळबुळीत थर नको, टोपलीतल्या शेजाऱ्याचा डीएनए त्यात येतो. फॉर्मेलिन (नमुने टिकवायचं रसायन) तर नकोच नको, त्यानं डीएनए बिघडतो. पाकटात युरिया भरपूर (तोच तो अमोनियाचा वास!), तो नीट निघाला नाही तर पीसीआर (डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) अडतो. पेशीतल्या मायटोकाँड्रियामधल्या सीओआय या जनुकाची साधारण ६५० डीएनए-अक्षरं बहुतेकदा जात सांगतात. पण हा वारसा फक्त आईकडचा; संकर ओळखायला केंद्रकातला डीएनएही लागतो.