सर पहिल्याच दिवशी पोलिसांत का जात नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तक बदलायला जावं नाहीतर तलावपाळीला फेरी मारावी, कुणीतरी विचारतंच, "तुमच्या कादंबरीतले सर पहिल्याच दिवशी पोलिसांत का जात नाहीत? काही केलेलंच नाही, तर घाबरायचं कशाला?"

वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नौपाड्यातल्या एका अनुदानित शाळेत सर दहावीला गणित शिकवतात. एका रात्री त्यांच्या फोनवर एक चॅट येऊन पडतं. त्यांचं आणि त्यांच्याच वर्गातल्या एका मुलीचं. त्यातलं एक अक्षरही त्यांनी लिहिलेलं नाही, पण वर डीपी त्यांचाच. पाठवणारा पैसे मागत नाही. अंतर्गत मूल्यमापनात अमुक मुलाचे 11 आहेत, ते 18 करा, एवढंच म्हणतो.

ही मागणी मी मुद्दाम इतकी किरकोळ ठेवली. दहावीच्या गणितात 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 शाळेच्या हातातले. सरांसमोर गुणतक्ता उघडा आहे, लाल पेन हातात आहे. सात गुणांनी कुणाचं काय बिघडणार, असं ते स्वतःला समजावतात, 11 वर आडवी रेघ मारतात, वर 18 लिहितात. आणि खाडाखोड केली की शेजारी सही करायची, ही वर्षानुवर्षांची सवय, म्हणून सहीसुद्धा करतात. चॅट बनावट होतं. ही सही खरी आहे. दुसऱ्या दिवशी त्या सहीचाच फोटो त्यांच्या फोनवर येतो, आणि आता पैसे मागितले जातात. आदल्या रात्री निर्दोष असलेल्या माणसाकडे आता लपवायला खरंच काहीतरी आहे. ब्लॅकमेल कसं चालतं, हे मला याच पानावर दाखवायचं होतं.

तरी तुमचा प्रश्न उरतोच, त्या पहिल्या रात्रीचं काय? कायदा सरांच्या बाजूने आहे. गंभीर गुन्ह्याचा आळ घेईन अशी भीती घालून पैसे उकळले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण सर त्या रात्री कलमांचा विचार करत नाहीत. निलंबन झालं तर खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या 1981 च्या नियमावलीप्रमाणे चौकशी समिती बसेल, तोवर अर्ध्या पगाराच्या हिशेबाने निर्वाह भत्ता मिळेल, आणि घोडबंदर रोडच्या फ्लॅटचा हप्ता मात्र पुरताच कापला जाईल. त्याहून मोठी धास्ती वेगळीच. चौकशीत सुटलं तरी स्टाफरूममध्ये कोण शेजारी बसेल? मी शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत. शिक्षकाच्या नावाला लागलेला डाग निकालाच्या कागदाने निघत नाही, ही भीती मला अजिबात खोटी वाटत नाही.

काहीजण म्हणतात, मुलगीच खोटारडी निघाली असती तर कादंबरी आणखी रंगली असती. ते मी केलं नाही, करणारही नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला लोक रुळांवर उतरले, ते लहान मुलींच्या तक्रारीची वेळेवर दखल घेतली गेली नाही म्हणून. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम 22 मध्ये खोट्या तक्रारीसाठी मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलांना नाही, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. माझ्या कादंबरीत त्या मुलीचं नाव तिला न विचारता वापरलं गेलंय. सरांइतकीच तीही यात भरडली जाते, आणि ते चॅट तिच्या हाती लागतं तेव्हा मुख्याध्यापिकांकडे सरांच्या आधी ती जाते.

त्यानंतर सर पोलीस ठाण्यात जातात. समोरच्या अधिकारी बाई म्हणतात, "पहिल्यापासून सांगा." सर चॅटपासून सुरुवात करत नाहीत. आधी ते सात गुण सांगतात. तिथे ते विनाकारण स्वतःला अडकवून घेतात, असं बऱ्याच वाचकांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. पुढची आवृत्ती निघाली तरी ते पान आहे तसंच राहील.