आठवं व्हर्जन

आज डेलीजमध्ये, म्हणजे काम डायरेक्टरला दाखवायच्या रोजच्या बैठकीत, माझा अ‍ॅनिमेशनचा शॉट पास झाला. सुधारणेची एकही नोट नाही. आणि मी जागेवर येऊन नुसती स्क्रीनकडे बघत बसले. कारण पास झालं ते आठवं व्हर्जन. माझं सातवं होतं.

मी दोन दिवस नव्हते तेव्हा नव्या भिडूनं फाइल उघडली. मला विचारलं नाही. विचारायलाच हवं होतं असंही नाही, लीडनंच दिली असणार. तरी.

शॉट अगदी साधा. म्हातारी टेबलावरच्या पाकिटाकडे हात नेते, थबकते, उचलते. ७८ फ्रेम, म्हणजे सेकंदाला २४ नी सव्वातीन सेकंद. माझे नऊ दिवस गेले त्यावर. त्या थबकण्यात मी काय काय भरलं होतं! बोटांचा कंप, खांद्यात श्वास, पापणी, मानेचा तसूभर कल. हातानं काढलेलं चित्र तसंच धरून ठेवलं तरी चालून जातं. कॉम्प्युटरवरचं पात्र पूर्ण थांबलं की बाहुली होते, हे पहिल्या वर्षीच डोक्यात बसवलेलं असतं. म्हणून मूव्हिंग होल्ड, थांबलेल्या पात्रातही किंचित हालचाल चालू ठेवायची. तो मला येतो. सगळे म्हणतात, येतो.

त्यानं माझ्या बहुतेक 'की', म्हणजे ठरावीक फ्रेमवर पक्क्या केलेल्या स्थिती, पुसून टाकल्या. हालचालींचे आलेख दाखवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये दोन्ही व्हर्जन बघितली. माझ्याकडे बोटागणिक वेगळा कर्व्ह, त्याच्याकडे जवळपास आडव्या रेघा. ११ फ्रेम म्हातारी फक्त श्वास घेते. पापणी लवते ती बोट पाकिटाला लागल्यावर. डायरेक्टर म्हणाले, "आता थांबली ती."

म्हणजे माझी थांबतच नव्हती.

दुपारभर हेच. पुसून चांगलं होत असेल तर मी नऊ दिवस भरत काय होते? बरोबरीचे कधीच गेमिंगकडे गेले, एकजण शिकवायला लागला, आणि मी इथे बोटं हलवत... असो. अप्रेझलचं तर नकोच.

संध्याकाळी पहिल्या दिवशी स्वतः अभिनय करून घेतलेला रेफरन्सचा व्हिडिओ उघडला. फोन पुस्तकांना टेकवून, पाठीत वाकून म्हातारी झालेली मीच. भयंकर दिसते. एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले. हात जातो, थांबतो, आणि मी काहीही करत नाही. बोटं नाहीत, मान नाही. २४ च्या हिशेबानं मोजल्या तर १३ फ्रेम. आणि पापणी? पाकिटाला हात लागल्यावर!

म्हणजे पहिल्याच दिवशी, विचार न करता, बरोबर केलं होतं. मग नऊ दिवस खपून ते मी स्वतः बिघडवलं. पगार घेऊन. व्हिडिओ शॉटच्याच फोल्डरमध्ये होता; पोरानं तो बघितला असणार. मी ब्लॉकिंगनंतर, म्हणजे सुरुवातीच्या ढोबळ पोझ लावून झाल्यावर, आजपर्यंत एकदाही उघडला नव्हता.

निघताना त्याच्या टेबलाशी थांबले. त्यानं हेडफोन काढायच्या आत "बोटं सोडलीस ते बरं केलंस" म्हणाले आणि लिफ्टकडे सुटले. त्या दोन फ्रेमचं काही बोलले नाही. पास झालेला शॉट पुन्हा कोण उघडणार? पण १३ च हव्या होत्या.