लेपाचा दुसरा डोळा

शाळेत ‘देखावा काढा’ म्हटलं की माझा हात आपोआप चालायचा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य (उगवतोय की मावळतोय हे बाईंनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही), डोंगरातून निघून थेट आपल्या अंगावर येणारी नदी, काठाला झोपडी, झोपडीला टेकलेला एक नारळ आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पाच पक्षी. मी वाढले सोलापुरात. नारळ पाहिला होता तो देवळाच्या पायरीवर फुटताना. पण देखाव्यात नारळ हवा म्हणजे हवा. एलिमेंटरीच्या परीक्षेत मला ‘क’ श्रेणी मिळाली, तीही कुणीतरी दया केली असावी अशी. तेव्हापासून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या हाताला येणारं चित्र म्हणजे तो एक देखावा.

त्यामुळे नणंदेनं परस्पर माझं नाव ‘नेचर जर्नलिंग’च्या तीन दिवसांच्या शिबिरात घातलं, तेव्हा मी आधी तिच्यावर चिडले. “वहिनी, चित्र यायलाच हवं असं काही नाही तिथे,” ती म्हणाली. “समुद्रावर बसायचं आणि दिसेल ते वहीत उतरवायचं. चित्र, शब्द, आकडे, काहीही चालतं.” आकडे चालतात म्हटल्यावर मी नरमले. तीस वर्षं बँकेत काढली आहेत.

पौषातल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही तेरा जण कोकणकन्येनं कुडाळला उतरलो आणि मालवणवरून तळाशीलला पोचलो. तळाशील म्हणजे वाळूची एक लांबलचक पट्टी. एका अंगाला गड नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये घरं, माड आणि एक रस्ता. खाडीच्या पलीकडे सर्जेकोट. पावसाळ्यात समुद्र ही पट्टी कुरतडतो. आम्ही उतरलो त्या घरातल्या आबांनी आल्या आल्या लाटांकडे बोट करून सांगितलं, “थंय आमचे माड होते.” जिथे बोट केलं तिथे पाणी होतं.

घरच्या काकींनी आमच्या वह्या, पेन्सिली, रंगांच्या चिमुकल्या डब्या बघितल्या आणि नणंदेला विचारलं, “कसली शाळा गो ही? परीक्षा हा?”

परीक्षा नव्हती, पण शिस्त होती. शिबीर घेणाऱ्या ताईंनी सांगितलं, प्रत्येक पानावर आधी तारीख, वेळ, जागा, वारा आणि भरती-ओहोटी लिहायची. मग तीन वाक्यं पुरी करायची: मला दिसतं, मला प्रश्न पडतो, मला आठवण होते. ही तीन वाक्यं मूळची अमेरिकेतली आहेत म्हणे. तिसऱ्या वाक्यावर आपला माणूस कुणाला ऐकायचा नाही. आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना पहिल्या संध्याकाळी समुद्र दिसायच्या आधीच सतरा आठवणी झाल्या.

भरती-ओहोटीची वेळ काढायला एका आयटीवाल्या मुलानं फोनमधलं अ‍ॅप उघडलं. आबा पायरीवर विडी ओढत होते. “आज तीज,” ते म्हणाले, “फाल्यां चवथ. चार पाऊण तीन. तीनाक भरती. मगे सकाळी नवाक ओहोटी.” बस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तिच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. पुनवेपासून मोजा नाहीतर अवसेपासून, हिशेब तोच. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणकी ती पंचेचाळीसला पकडते; पंधरा दिवसांत घोळ वाढायच्या आत नवी प्रतिपदा येऊन खातं पुन्हा शून्यावर. मला वडिलांनी पावकी आणि निमकी शिकवली होती; पाऊणकीपर्यंत पोचलो तेवढ्यात घरात कॅल्क्युलेटर आला. आज पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं. अ‍ॅप दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं दाखवत होतं. मधली एकोणीस मिनिटं आबांनी विडीच्या राखेबरोबर झटकून टाकली.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आधीच खाली गेलो. पाणी दूर गेलं होतं आणि ओल्या वाळूवर जिकडे बघावं तिकडे रांगोळ्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, एका भोकाभोवती किरणांसारख्या पसरलेल्या. शेकडो भोकं, शेकडो सूर्य. डोंगर नसलेले. आम्ही तेरा जण धपधप करत पोचलो आणि किनारा क्षणात निर्मनुष्य, म्हणजे निर्खेकडा, झाला.

“बसा,” ताई म्हणाल्या, “आणि हलू नका.”

हलायचं नाही हे मला सगळ्यात अवघड. पहिला मिनिटभर मी गॅस बंद केलाय का याचा विचार केला. दुसऱ्या मिनिटाला गुडघा. तिसऱ्याला मुलाचा फोन. चौथ्या मिनिटाला समोरच्या भोकात काहीतरी हललं आणि हरभऱ्याएवढा, वाळूच्याच रंगाचा एक खेकडा बाहेर आला. आला तो थेट कामालाच लागला. दोन्ही नांग्यांनी आळीपाळीनं वाळू तोंडाशी न्यायची, आतल्या आत काहीतरी करायचं, आणि तोंडाच्या वरच्या बाजूला गोळी तयार होत आली की ती पायानं मागे सारायची. वाळूच्या कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि बारीकसारीक खाद्य तो चाटूनपुसून घेतो आणि उरलेली स्वच्छ वाळू गोळी करून टाकून देतो. म्हणजे रांगोळी ही कलाकुसर नाही, ती खरकटी पत्रावळ आहे. तीही किती नेटकी! एका ओळीत खात खात भोकापासून दूर जायचं, परत यायचं, शेजारची ओळ धरायची. एक चिंचोळी वाट मात्र गोळ्यांपासून मोकळी ठेवायची, संकट आलं की पळायला. माझी सावली हलली तेव्हा तो त्याच वाटेनं सटकला.

मी घड्याळ लावून मोजलं. पाच मिनिटांत बेचाळीस गोळ्या. आमच्या शाखेतला नोटा मोजणारा जुना कॅशियर याच्यापुढे फिका पडला असता. बेचाळीस हा आकडा लिहिताना मला कित्येक वर्षांनी कुणी न सांगता हिशेब केल्याचा आनंद झाला.

मग चित्र. हात लगेच देखाव्याच्या वळणावर गेला: एक गोल, दोन बाजूंना तीन-तीन पाय, वर दोन नांग्या, गोलात दोन ठिपके आणि, देवाशपथ सांगते, हसरं तोंड. ताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“खेकड्याला नांग्या धरून दहा पाय असतात ना हो?” मी आधीच शरण गेले. “माझे दोन कमी पडलेत.”

“तुम्हाला किती दिसले?”

मी पुन्हा बघितलं. एका बाजूचे चार नीट दिसत होते, दुसऱ्या बाजूचे दोन, बाकी सगळा गोंधळ. “सहा. आणि नांग्या.”

“मग सहाच राहू द्या. खाली लिहा, बाकीचे दिसले नाहीत. पण तोंड हसताना दिसलं का?”

तोंड खोडलं. ‘बाकीचे दिसले नाहीत’ असं लिहिलं. हे वाक्य कागदावर बघून मला फार हलकं वाटलं. बँकेत असं लिहिता आलं असतं तर ताळेबंदाच्या किती रात्री वाचल्या असत्या.

नंतर कागदाकडे अजिबात न बघता, नजर खेकड्यावरून न हलवता रेघ ओढण्याचा खेळ झाला. त्यात तेराही जणांचे खेकडे सारखेच भयानक आले आणि सगळ्यांची लाज एकदम गेली. काकी चहा घेऊन आल्या होत्या. प्रत्येक वही त्यांनी मन लावून पाहिली आणि निकाल दिला, “असली कुर्ली मी जल्मात बघूक नाय.”

दुपारी जेवणात मासा नव्हता. शनिवारी संकष्टी आली होती. काकींचा उपास, चंद्र उगवेपर्यंत. “आज नुसतां काढा,” त्या म्हणाल्या. “खावचां उद्या.” वालाची उसळ आणि सोलकढी झाली, आणि बहुतेक त्या सोलकढीमुळेच संध्याकाळचा रंगांचा तास रंगला. अट अशी होती की समुद्राचा आणि आकाशाचा रंग लिहायचा, पण ‘निळा’ हा शब्द वापरायचा नाही. सुरुवातीला सगळे गप्प. समुद्र निळा नाही तर कसला? मग बघायला लागलो. काठाजवळचं पाणी तांदळाच्या धुवणाचं. त्यापलीकडे मुगाच्या सालीचा पट्टा. त्यापलीकडे जुन्या स्टीलच्या डब्याचा रंग. सूर्य बुडाल्यावर आकाशाच्या तळाशी सोलकढी, आणि तिच्यावर हळूहळू पातळ होत गेलेली नाचणीची आंबील. वाचून बघितलं तर ते समुद्राचं वर्णन कमी आणि स्वयंपाकघराची यादी जास्त वाटत होती, पण तो रंग मला आजही ती यादी वाचून जसाच्या तसा दिसतो. फोनमध्ये त्याच संध्याकाळचे चाळीस फोटो आहेत. त्यात नारिंगी सूर्य आहे, आणखी एक देखावा.

आमच्यातल्या एका आर्किटेक्टनं समुद्र समुद्राच्याच पाण्यानं रंगवायचा घाट घातला. कल्पना ऐकायला छान होती. प्रत्यक्षात त्याच्या रंगात मिठाचे ठिपके उमटले आणि पान रविवार दुपारपर्यंत दमटच राहिलं. त्याला चिकटून मागचं पानही गेलं, ज्यावर त्याचा सगळ्यात चांगला खेकडा होता.

मला त्या दोन दिवसांत वाऱ्याचाही शोध लागला. भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे, दोन मार्कांना. सकाळी काकींच्या चुलीचा धूर समुद्राकडे चालला होता. अकराच्या सुमारास तो थबकला, परसात घुटमळला आणि मग घरात शिरला. वहीत मी लिहिलं: ‘११.१०, धूर वळला.’ दोन मार्क अखेर वसूल झाले.

रविवारी सकाळी रापण होती. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. गावाचं काम आहे ते, एकट्यादुकट्याचं नव्हे; ओढणाऱ्याला वाटा मिळतो. आम्ही वह्या उघडून बसलो होतो. दहा मिनिटांत मुख्याध्यापक उठले आणि दोरीला लागले, मग एकेक करत सगळेच. पाय वाळूत रुतवून, मागे झुकून, एक पाऊल मागे, पुन्हा एक. दीड तासानं जाळ्याची पिशवी काठाला आली तेव्हा हाताची सालं निघाली होती आणि आत मासळी बेताची होती: पेडवे, थोडे बांगडे, दोन मुडदुशा, एक रागानं फुगलेला केंड, जो लगेच परत फेकला गेला. पर्ससीनच्या मोठ्या नौका समुद्र खरवडून नेतात, असं कुणीतरी नेहमीचंच सांगावं तसं सांगितलं. आम्हालाही ओंजळभर मासे मिळाले. त्यात एक लेप होता.

काकींच्या ओट्याशेजारी ताटलीत तो लेप ठेवून मी काढायला बसले. दोरी ओढून हात इतका थरथरत होता की देखाव्याचं वळण त्याला आठवेना. चपलेच्या तळव्यासारखा चपटा, मातकट तपकिरी मासा. सुटी शेपटी नाही. वरचे आणि खालचे पर साडीच्या काठासारखे अंगभर फिरत जाऊन मागे एका टोकात मिळालेले. तोंड वाकडं, जणू कुणी तिरकस बोललंय. आणि दोन डोळे, मोहरीएवढे, एकमेकांना चिकटून, एकाच बाजूला. मी दोन काढले.

शिबिरातली सर्वात लहान वहीवाली, अकरा वर्षांची, खांद्यावरून बघत होती. “मावशी, चुकलं. मासा बाजूनं काढला की एकच डोळा दिसतो.”

आम्ही लेप उलटा केला. खालची बाजू पांढरीफटक, कोरी. डोळा नाहीच. तिचा विश्वास बसेना, पुन्हा सरळ केला. ताईंनी सांगितलं, पिल्लू असताना तो बाकी माशांसारखाच उभा पोहतो, डोळे दोन बाजूंना. मोठा होता होता एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मग जन्मभर तळाशी कुशीवर पडून राहायचं.

पोरगी गप्प झाली. मग तिनं वहीत दुसरं वाक्य पुरं केलं. मी चोरून वाचलं: ‘मला प्रश्न पडतो की डोळा सरकत असताना त्याला मध्येच काय दिसलं असेल?’

मी डोळ्यांपासून सुरू करून पराचे काटे एकेक मोजत मागे चालले होते. एकसष्टावर होते तेव्हा काकींनी कढईत डोकावून हाक मारली, “चित्र झालां काय? मगे दी हकडे. त्याल तापलां.”

माझ्या वहीतला लेप दोन तृतीयांश आहे. पुढे हळदीचं एक बोट उमटलंय आणि त्याच्याखाली मी लिहून ठेवलंय: ‘बाकीचा दिसला नाही.’