तुम्ही विचारलेत म्हणून: आपल्याच माणसाच्या पानावर जाहिरातीचा साचा का?

रत्नागिरीत ओळखीपाळखीचे कोणी भेटले की हा प्रश्न हमखास येतो: मराठी विकिपीडियावर अमक्याचे पान होते, त्यावर तुम्ही जाहिरातीचा साचा का लावलात, आपल्या जिल्ह्यातला माणूस मोठा झालेला तुम्हाला बघवत नाही का? साचा म्हणजे ‘हा मजकूर जाहिरातीसारखा वाटतो’ अशी पानाच्या माथ्यावर लावलेली सूचनापट्टी; तो माणसावर नसतो, मजकुरावर असतो, एवढे सांगून कोणाचे समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

असे पान समोर आले की मी विशेषणांकडे नंतर वळतो. ‘युवकांचे प्रेरणास्थान’ आणि ‘दानशूर व्यक्तिमत्त्व’ गणपतीच्या दिवसांत नाक्यानाक्यावरच्या फ्लेक्सवरही असतात, आणि पानावरून ते दोन मिनिटांत खोडता येतात. मी आधी ‘इतिहास’, म्हणजे पानावर कोणी कधी काय बदलले याची नोंद, उघडतो. पान तयार करणारे खाते बहुधा त्याच दिवशी उघडलेले असते, त्या खात्याने दुसऱ्या कोणत्याही लेखात साधी वेलांटीही सुधारलेली नसते, आणि स्टुडिओतले छायाचित्र ‘स्वतःचे काम’ म्हणून चढवलेले असते. मग संदर्भ पाहतो. चार संकेतस्थळांवर चार बातम्या दिसतात, पण तारीख तीच, परिच्छेद तेच, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच. म्हणजे मूळ प्रसिद्धिपत्रक एकच.

साचा लागला म्हणजे पान उडाले, असे नव्हे. पान काढणे प्रचालकांच्या, म्हणजे जादा अधिकार दिलेल्या संपादकांच्या, हाती असते, आणि लेखाला जोडलेल्या चर्चापानावर कोणालाही बाजू मांडता येते. पैसे घेऊन लिहिण्यालाही सरसकट बंदी नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापराच्या अटींनुसार २०१४ पासून ते उघडपणे जाहीर करावे लागते, इतकेच. ते लपवले की काय होते, हे इंग्रजी विकिपीडियाने २०१५ मध्ये पाहिले: तिथे एकाच टोळीची ३८१ खाती रोखावी लागली. ज्यांचे लेख नाकारले गेले होते त्यांना गाठायचे, पान चढवण्याचे पैसे घ्यायचे आणि पुढे ते पान राखण्यासाठी हप्ता मागायचा, अशी तिची रीत होती. तेव्हा तुमच्या परिचयाच्या उद्योजकाने पान ‘पॅकेज’मध्ये विकत घेतले असेल, तर राग विकणाऱ्यावर काढावा.

मला सलते ते वेगळेच. सिंधुदुर्गातल्या एखाद्या दशावतारी कलावंताने उभी हयात जत्रांतल्या रात्री जागवलेल्या असतात, पण त्याच्याविषयी छापील चार ओळी मिळत नाहीत. पैसे टाकणाऱ्याकडे मात्र दुव्यांची चळत असते. स्वतंत्र संदर्भांची अट दोघांनाही सारखीच लागते, आणि ती पूर्णपणे न्याय्य आहे असे मीही म्हणणार नाही. पण ती सैल केली, तर मोकळ्या दारातून आधी कोण शिरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून वाद घालण्याऐवजी माझ्याकडे संदर्भ आणा. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. तिथे किंवा आपापल्या तालुक्याच्या वाचनालयात बसून, त्या व्यक्तीशी लागाबांधा नसलेल्या कोणी तिच्याविषयी छापलेले काही सापडते का ते पाहा, आणि वर्ष व पृष्ठक्रमांक टिपून घ्या. तुम्ही नातेवाईक असाल, तर लेखाला हात न लावता चर्चापानावर नाते सांगून दुरुस्ती सुचवा. वाढदिवसाची पुरवणी मात्र आणू नका. तिचे बिल कोणी भरले, हे आपल्या दोघांनाही ठाऊक असते.