कलमाचा चाकू

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या एका सरकारी इमारतीच्या दारात माझी पर्स तपासणीच्या यंत्रातून पुढे सरकली आणि लगेच मागे आली. पडद्यासमोर बसलेल्या पोलीसबाईंनी विचारलं, "ताई, आत चाकू आहे का?"

होता. तासाभरापूर्वीच मार्केट यार्डाजवळून घेतला होता. खोकं, पावती, सगळं बरोबर होतं. मी सांगितलं, "आंब्याचं कलम करायचा आहे." त्यांनी तो उघडून पाहिला, मिटला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "असेल हो. पण आत नेता येणार नाही. आणि असा पर्समध्ये घालून फिरू नका, सध्या मनाई आदेश आहे."

काम न करताच मी परत फिरले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण 'मनाई आदेश' हे शब्द डोक्यातून जाईनात. मी पन्नाशीला आलेली बाई. घरात विळी, सुऱ्या, अडकित्ता, नारळ सोलायचा कोयता हे सगळं बघत वाढले. यातलं काय घराबाहेर न्यायचं आणि काय नाही, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता.

मुळात चाकू का लागला ते सांगते. गुहागर तालुक्यात आमची छोटी वाडी आहे. बाबा गेल्यावर दोन वर्षं तिकडे कुणी नीट लक्ष दिलं नाही. यंदा मी ठरवलं की पावसाळ्यात जाऊन राहायचं आणि कोय कलमं स्वतः बांधायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही पद्धत कोकणात घरोघर पोचवली. कोय रुजून दहा-पंधरा दिवसांचं रोप झालं, पानं अजून तांबूस आणि देठ कोवळा असला, की त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी खालून पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वर पॉलिथिनची पट्टी घट्ट बांधायची. सगळा खेळ त्या तासण्यात आहे. काप एका ओढीत, गुळगुळीत यायला हवा. जून महिन्यात मी स्वयंपाकघरातल्या सुरीने प्रयत्न केला तेव्हा देठ कापलाच गेला नाही, चेंगरला. वाडी सांभाळणारे काका म्हणाले, "बाय, ह्या सुरीनं कलम नाय जगायचं. एका बाजूची धार लागते." त्यांचा स्वतःचा चाकू इतका झिजला होता की पातं करंगळीएवढं उरलं होतं.

म्हणून पुण्यात शोध सुरू केला. पहिली फेरी अर्थातच रविवार पेठेत, बोहरी आळीत. खिळ्यापासून करवतीपर्यंत काहीही मिळणारी ही गल्ली. विळ्या, किसण्या, शिंप्याच्या कात्र्या, खाटकाचे सुरे, सगळं पाहिलं. कलमाचा चाकू म्हटल्यावर मात्र दोघा-तिघांनी मिटायचे साधे चाकू पुढे केले. त्यांची धार पात्याच्या दोन्ही अंगांनी तासलेली, कलमाला मात्र एका अंगाने तासलेली आणि दुसऱ्या अंगाने सपाट अशी धार लागते. मग मी म्हटलं, निदान कोयता तरी घेऊ या. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आधार कार्ड आणलंय का ताई?"

मला ते लागलं, खोटं कशाला सांगू? त्यांनी समजावून सांगितलं. शहरात कोयते नाचवून दहशत घालणाऱ्या पोरांचे प्रकार वाढले तेव्हापासून कोयता कुणाला विकला याची नोंद ठेवावी लागते. पूर्वी दाराशी टांगलेले कोयते आता आत फळीखाली असतात. बाजारात बसून तीस वर्षं हत्यारं विकणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाचा चेहरा वाचावा लागतो, हे सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. नोंदीबद्दलचा माझा राग तिथेच गेला. आमच्या वाडीत जी वस्तू रोज नारळ सोलते, तिच्याने इथे रस्त्यात कुणाचा तरी मुलगा मेला आहे.

आधार कार्ड घरी होतं, त्यामुळे कोयता राहिला. कलमाचा चाकू अखेर मार्केट यार्डाजवळ बी-बियाणं, फवारणीचे पंप आणि सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायच्या कात्र्या, विकणाऱ्या दुकानात मिळाला. लाकडी मूठ, मिटणारं पातं, साधारण 7 सेंटिमीटर लांब, एकाच बाजूने धार. कुणाला असा चाकू हवा असेल तर भांडी-लोखंडाच्या बाजारात पायपीट करू नका, रोपवाटिकांना सामान पुरवणारं दुकान गाठा. ऑनलाइनही शोधलं होतं. तिथे 'चाकू' लिहिलं की काळी पाती, बटण दाबलं की सटकन उघडणारे, दातेरी असलेच प्रकार आधी येतात. असला चाकू कुठल्या कामाला घेतला, हे विचारल्यावर काय सांगणार? घेऊ नका.

तर तो चाकू घेऊन मी त्या सरकारी दारात गेले आणि परत आले.

माझी एक शाळेतली मैत्रीण वकील आहे. तिला फोन केला. मी म्हटलं, नेटवर लिहिलंय की 9 इंचांच्या आतला चाकू चालतो. ती म्हणाली, "अर्धंच वाचलंयस. घरी ये, मूळ कागद वाचू." त्या संध्याकाळी तिच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही कायद्याची पुस्तकं पसरून बसलो. मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

शस्त्र अधिनियम 1959 चा. त्याच्या कलम 2 मध्ये 'शस्त्र' म्हणजे काय ते दिलं आहे: हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून घडवलेली वस्तू. धारदार हत्यारं त्यात येतात. पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. साधी चालायची काठीसुद्धा उदाहरण म्हणून लिहिली आहे. 9 इंचांचा आकडा येतो तो नियमांच्या अनुसूचीतून. तलवारी, गुप्ती, खंजीर, भाले, आणि कृपाण-खुकरीसकट असे सुरे ज्यांचं पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद आहे. 'किंवा' हा शब्द माझ्या नजरेतून सुटला होता. आखूड पण रुंद पातंही त्यात बसतं. तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाच्या वस्तू सोडल्या आहेत. अशा हत्यारांना परवाना कुठे लागेल, हे कलम 4 खाली केंद्र सरकारने त्या भागासाठी काढलेल्या अधिसूचनेवर ठरतं. पेपरात गुन्ह्यांच्या बातमीत 'आर्म ॲक्ट 4(25)' असं छापून येतं, ते हेच 4 आणि शिक्षेचं 25.

मला हायसं वाटलं. म्हटलं, म्हणजे माझा चाकू शेतीचा, मी सुटले.

"थांब," ती म्हणाली, आणि दुसरं पुस्तक उघडलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951. कलम 37, पोटकलम 1. सार्वजनिक शांततेसाठी पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक मुदतीसाठी बंदी घालू शकतात. कशावर? शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या किंवा शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी दुसरी कोणतीही वस्तू बरोबर बाळगण्यावर. मी ती ओळ दोनदा वाचली. शेतीच्या वस्तूंची सूट इथे नाही. लांबी-रुंदी नाही. काठीसुद्धा आहे, जी पहिल्या कायद्याने सोडली होती. असा आदेश मोडला तर कलम 135 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायाधीशांनी लेखी कारण दिलं नाही तर किमान चार महिने, शिवाय दंड. वस्तू जप्त होते ती वेगळीच.

आणि हे आदेश काही क्वचित निघत नाहीत. आषाढी, मोहरम, स्वातंत्र्यदिन, दहीहंडी, गणपती, निवडणुका. पंधरा-पंधरा दिवसांच्या मुदतीने एक संपला की दुसरा येतो. मी पुण्यात जन्मापासून राहते आणि यातला एकही आदेश मी कधी वाचला नव्हता. त्या रात्री मला खरी भीती वाटली ती याची. कितीतरी साध्या माणसांच्या पिशव्यांत काय काय असतं: शहाळंवाल्याचा कोयता, सुताराची पटाशी, मासे कापणाऱ्या मावशींचा सुरा. त्यांना हे कोण सांगतं?

जाता जाता तिने दिल्लीचंही सांगितलं, कारण माझा भाऊ तिकडे असतो. तिथे 1980 च्या अधिसूचनेत बटणाचे आणि खटक्याचे चाकू वेगळे काढले आहेत, पातं 7.62 सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि 1.72 सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर ते त्यात येतात. म्हणजे एका राज्यातलं माप दुसऱ्या राज्यात चालेल असं धरून चालूच नये.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले. चाकू घरी ठेवून. ठाणे अंमलदारांना आधी वाटलं मी तक्रार द्यायला आले आहे. विषय कळल्यावर त्यांनी खुर्ची दिली आणि भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. तिथे चालू आदेश डकवलेला होता, कधीपासून कधीपर्यंत त्यासकट. मी मोबाइलवर फोटो काढला. मग ते म्हणाले, "मॅडम, कामाचा चाकू कामाच्या सामानात पाहिजे. कलमाच्या पट्ट्या, सिकेटर, काड्या, त्यात चाकू असला तर आम्हालाही कळतं. एकटा खिशात सापडला की आमचे प्रश्न वेगळे होतात. कमरेला नको, हाताशी नको. गुंडाळून डिकीत ठेवा. आणि पावती जवळ असू द्या."

आदेश चालू असताना न्यायचंच नाही का, हे मी सरळ विचारलं. ते जरा थांबले. "गरज नसेल तर नकोच. शेतावर जाताना न्यावं लागणारच, ते आम्हाला समजतं. पण तो विचार करणारा माणूस त्या वेळी रस्त्यावर उभा असलेला अंमलदार असेल, मी नाही." इतकं स्वच्छ उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

कोयतीचा प्रश्न उरला होता. बोहरी आळीत पुन्हा जाता आलं असतं, पण तिथले कोयते देशावरचे, सरळसोट. कोकणातली कोयती टोकाला वळलेली असते. माणसं कमरेच्या आकडीत ती अडकवून दिवसभर हिंडतात. सासवड रस्त्याला घिसाडी कुटुंबाची पालं दिसली होती, तिथे गेले. भाता, ऐरण, निखारे. नवरा सांडशीने लाल लोखंड धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण घालत होती. तिच्या घावांची लय चुकत नव्हती, आणि पोटाशी बांधलेलं पोर त्या आवाजात झोपलं होतं. मी जमिनीवर बोटाने आकार काढून दाखवला. तिनेच विचारलं, "नारळाला का फांदीला?" दोन्हीला म्हटल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की पाठ जाड ठेव. लोखंड ट्रकच्या कमानपाट्याचं. घडवून, पाणी देऊन, धार काढून 350 रुपये. मी घासाघीस केली नाही. पातं मोजलं तर रुंदी सव्वादोन इंच भरली. शेतीची सूट नसती तर हीच कोयती अनुसूचीतल्या यादीत जाऊन बसली असती.

पण पालावर पावती कुठून मिळणार? रात्री मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "सातबारा ने." साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती. वाडीच्या उताऱ्यावर बाबांच्या नंतर माझं नाव लागलं आहे आणि पिकांच्या नोंदीत आंबा, नारळ आहे. कोयती कशासाठी, याचं उत्तर त्या कागदावर आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघाले. कोयती गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधली आणि डिकीत सगळ्यात खाली ठेवली. वर खताची पिशवी. चाकू पट्ट्यांच्या डब्यात, पावतीसकट. साताऱ्याकडून पाटण, पुढे कुंभार्ली घाट. पाटणच्या अलीकडे अंधारात बॅटरी हलली. नाकाबंदी. गाडीत मी एकटी, पाऊस धो धो. अंमलदारांनी डिकी उघडायला सांगितली. मी उतरायच्या आधीच सांगून टाकलं, "शेतीची हत्यारं आहेत, एक कोयती आणि कलमाचा चाकू." लपवलेलं त्यांनी शोधण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं, असं मी वाटेत ठरवलं होतं.

त्यांनी गोणपाट सोडलं, पात्यावर बॅटरी मारली. "कुठे निघालात?" मी प्लास्टिकच्या पिशवीतून उतारा काढला. छत्रीखाली धरून त्यांनी तो पूर्ण वाचला, गट नंबरपासून पिकांपर्यंत. मग पट्ट्यांचा डबा उघडून चाकूचं पातं पाहिलं. "कोय कलम का?" मी हो म्हटलं. "आमच्याकडे मातीत आंब्याच्या बाठा रुजल्या की पोरं खेळायला उपटतात," ते म्हणाले आणि स्वतः सुतळी पुन्हा बांधून दिली. "डिकीतच राहू द्या ताई. घाटात दरड आहे, हळू जा."

त्या पंधरवड्यात काकांनी आणि मी मिळून साठ कलमं बांधली. पहिल्या दिवशी माझे काप वाकडे येत होते, चौथ्या दिवशी काकांनी माझी एक पाचर बोटांत फिरवून पाहिली आणि काही न बोलता पुढची काडी दिली. कोयतीला त्यांनी मूठ बसवली. ती आता पडवीतल्या खुंटीला आहे आणि तिथेच राहणार, मी ती पुण्याला आणलेली नाही. चाकू येताना डब्यातून परत आणला, धार लावून घ्यायची होती म्हणून. निघायच्या आधी फलकाचा नवा फोटो मैत्रिणीच्या मुलाकडून मागवून घेतला होता. गणपतीचा आदेश लागायला अजून चार दिवस होते.