बातमी आजची, भानगड जुनी

कोल्हापुरात राजकारणावर मत नसलेला माणूस शोधून दाखवा, तांबडा-पांढऱ्यासकट जेवण माझ्याकडनं. सकाळी पेपर पडला की चहाचा दुसरा कप व्हायच्या आत मिरजकर तिकटीपासनं रंकाळ्यापर्यंत सगळ्यांचा निकाल लागलेला असतो, कोण खरा आणि कोण चोर. मी पण त्यातलाच. पण हल्ली मला एक वेगळाच नाद लागलाय, एखादी बातमी डोक्यात घोळायला लागली की त्या विषयावर ज्यानं पुस्तक लिहिलंय असा कोणीतरी गाठायचा आणि त्याला बोलतं करायचं. पुस्तक वाचायचा कंटाळा हे एक कारण आहेच, पण खरं सांगू का, लेखक पुस्तकात जपून लिहितो आणि चहाबरोबर मोकळं बोलतो.

आणि असली माणसं आमच्याकडं बक्कळ आहेत. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं, म्हणजे वाचायची आणि लिहायची खोड या गावाला जुनीच. फक्त या लेखकांची आठवण लोकांना 26 जूनला शाहू जयंतीला येते, नाहीतर इलेक्शनच्या तोंडावर.

2025 च्या सप्टेंबरात मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी जुन्या निजाम राजवटीच्या हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला तेव्हा आमच्या ग्रुपवर नुसता धुरळा. जन्मात गॅझेट न बघितलेले लोक गॅझेटवर व्हॉईस नोट टाकायला लागले. मी तडक एका सरांच्या घरी गेलो, शाहू महाराजांच्या कागदपत्रांत त्यांची उमर गेलीय. मला वाटलं मराठा-ओबीसीवर काहीतरी ठणकावून सांगतील. त्यांनी कपाटातनं एक झेरॉक्स काढली, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि म्हणाले, "गॅझेटचं म्हणतोस ना, मग आपलं आधी वाच."

26 जुलै 1902 चा आदेश. महाराज तेव्हा विलायतेत, एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाला गेलेले आणि बादशहालाच अपेंडिक्सचं दुखणं लागल्यामुळं तो सोहळा पुढं ढकललेला, आणि इकडं करवीर गॅझेटात मागासलेल्या वर्गांना पन्नास टक्के जागा. एवढं आम्हाला शाळेपासनं पाठ आहे. पण सर म्हणाले नीट वाच, हे पन्नास वरचं की खालचं? आणि खरंच की, त्यात म्हटलंय ज्या कचेरीत या लोकांचं प्रमाण निम्म्यापेक्षा कमी आहे तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातलीच करायची. म्हणजे निम्मे तरी पाहिजेतच, जास्त झाले तर महाराजांची काही तक्रार दिसत नाही. पुढं 1992 ला इंद्रा साहनी निकालात सुप्रीम कोर्टानं पन्नासचीच रेघ ओढली, पण ती याच्यावर जायचं नाही म्हणून, आणि मे 2021 मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा त्याच रेघेवर अडकून पडला. आकडा तोच, काम बरोब्बर उलटं! टीव्हीवर एवढं रोज ओरडतात, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मागासलेले कोण तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे, मराठे त्यातच.

सरांनी मग शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. या आदेशानंतर किती नेमणुका केल्या त्याचा दर तीन महिन्यांनी प्रत्येक खातेप्रमुखानं तक्ता पाठवायचा. "आदेश कोण पण काढतंय रे," सर म्हणाले, "हिशोब मागणारा पाहिजे." मी विचारलं मग आत्ताच्या मागणीबद्दल तुमचं मत काय, तर म्हणाले चहा गार व्हायलाय. लेखकांचं हे एक आहे, खोदून विचारलं की साल सांगतात, मत सांगत नाहीत. ग्रुपवर टाकायला काहीच मिळत नाही त्यामुळं.

सीमाप्रश्नाचं तसंच. 1 नोव्हेंबर जवळ आला की बेळगावात काळा दिन, कोगनोळी नाक्यावर पोलिस, आमच्याकडं घोषणा. एकदा चंदगडकडच्या एका लेखकाशी बोलत बसलो, त्यांनी मला गपगुमान ऐकायला लावलं. 1956 पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यं नव्यानं आखली तेव्हा बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढं सुटून कोल्हापूरला जोडलं. "आज्याच्या जमिनीचे जुने कागद बघायचे तर बेळगावची वाट," ते म्हणाले, "आणि अजूनबी आमच्या माणसाला दवाखाना, बाजार बेळगावच जवळ पडतंय." सीमावादावर नेमलेला महाजन आयोग, 2004 पासनं सुप्रीम कोर्टात पडलेला महाराष्ट्राचा दावा, हे मला माहीत होतं. पण एका रेघेच्या दोन्ही अंगाला पाय असलेला माणूस त्या दाव्याकडं कसा बघतो, ते त्यांच्याकडनंच कळलं. त्यांनी हे पुस्तकात का घातलं नाही विचारलं तर म्हणाले, घरचं काय लिहायचं.

मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं 18 ऑगस्ट 2025 ला, तेव्हा फटाके फोडायला मी पण होतो. संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्याआधी कोल्हापूरचं स्वतःचं हायकोर्ट होतं म्हणे, मग आपण नवीन मिळवलं का जुनंच परत आणलं, यावर दोन लेखकांची माझ्यासमोरच जुंपली. मी मधी पडलो नाही.

आता पाऊस लागला की पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशाऱ्याकडं सरकणार आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची परत पेपरात येणार. पाण्यावर लिहिलेल्या एका इंजिनिअर काकांना आत्ताच फोन करून ठेवलाय. ते म्हणाले ये की, पण अख्खी दुपार काढून ये, मी कृष्णेच्या पाणीवाटपाच्या 1969 च्या बच्छावत लवादापासनं सुरू करणार आणि मधी उठू देणार नाही.