बाई-मांजर वही : 112 कॅप्शन झाली, चालली 9

मागं लिहिलेलं की यंदा मीमचं एकच टेम्प्लेट (म्हंजे फोटो ठरलेला, शब्द तेवढे आपले) धरून बसणार, आधी वहीत पेनानं लिहायचं आणि मगच मोबाईल हातात घ्यायचा. फेब्रुवारीत चालू केलं, काल 112 वं झालं. टेम्प्लेट तुम्हाला पाठच असणार, डावीकडं रडत बोट दाखवून ओरडणारी बाई आणि उजवीकडं सॅलडच्या ताटामागं तोंड वाकडं करून बसलेलं पांढरं मांजर. चाललं म्हंजे काय, तर मी पाठवल्यावर कुणीतरी ते पुढं दुसऱ्या ग्रुपवर पाठवलं. हाहाहा लिहिलेलं मी धरत नाही, लोकं मयताच्या मेसेजवरपण चुकून हाहाहा दाबतात.

पहिली तीसेक नुसता कचरा. 4 नंबरचं बघा.
बाई : किती वेळा सांगितलं रात्री मोबाईल बघू नकोस, डोळे जातील!
मांजर : पण मी तर अभ्यासाचे व्हिडिओ बघतोय!
चुलतभावाला दाखवलं तर म्हणाला, "लगा, हे मीम हाय का पालकसभा?" लय लागलं, पण बरोबर होतं. दोन्हीकडं लांबच लांब वाक्य, आणि मांजर वाद घालतंय. वाद घालायला लागलं की त्याचं मांजरपण संपलं.

हे नीट कळलं ते फोटोची कुळकथा वाचताना. बाईचा फोटो 2011 मधला, 'द रिअल हाउसवाइव्ज ऑफ बेव्हर्ली हिल्स' ह्या अमेरिकन शोमधला. मांजराचं नाव स्मज, ते कॅनडातल्या ओटावाचं, त्याचा फोटो नेटवर आला 2018 ला. 2019 च्या मे महिन्यात कुणीतरी दोन्ही शेजारी-शेजारी चिकटवले. म्हंजे बाई मांजरावर कधी ओरडलीच नाही आणि मांजराला ती बाई म्हायतीच नाही, ते आपलं पुढ्यातल्या सॅलडवर नाराज आहे! तेव्हापासनं मी मांजराला बाईचं ऐकूच देत नाही. बाईला सहा-सात शब्द, मांजराला दोन-तीन, आणि मांजराच्या शेवटी पूर्णविराम. उद्गारचिन्ह टाकून बघितलं, मांजर एकदम उत्साही वाटायला लागलं, खोडलं.

भाषेचा घोळ वेगळाच. सुरुवातीला मांजर "मी बसलो आहे" असं बोलायचं, बातम्या दिल्यासारखं. मग "बसलोय की." केलं आणि त्या एका 'की' नं काम झालं. पुण्याच्या मित्रानं तो 'की' काढून पाठवलं, म्हणे जास्तीचा शब्द आहे. भावा, तोच तर जोक आहे. सांगलीत 'की' म्हंजे हो पण, नाही पण, आणि तू कोण विचारणारा पण.

फॉन्टवर थोडं, कारण विचारतात. जुन्या मीमचा तो जाडा इम्पॅक्ट फॉन्ट 1965 चा आहे, त्यात देवनागरी नाही. मी 'एक टाईप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा 'बलू' फॉन्ट वापरतोय, जाडजूड आहे, फुकट आहे. पण काळी बॉर्डर लावली की माझ्या ॲपमध्ये प्रत्येक अक्षराला वेगळी बॉर्डर लागते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात, म्हणून आता बॉर्डर बंद, नुसती सावली. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तरी तीच गत. दोन ओळी जवळ घेतल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो, ते बघून घ्या. आणि इंग्रजीवाले ओरडायला कॅपिटल करतात, आपल्यात कॅपिटलच नाही, त्यामुळं बाईचा आवाज शब्दातनंच काढावा लागतो. "अगं बाई" पेक्षा "आत्ताच्या आत्ता" जोरात ऐकू येतं, कुणी करून बघितलंय का?

मार्चमध्ये हे केलेलं.
बाई : द्राक्षं तोडायला आली आणि आभाळ बघ!
मांजर : बेदाणा करू.
मला वाटलं झकास. तासगावच्या एकानं लगेच सांगितलं, ढगाळ हवेत बेदाणा पण काळा पडतो, तुझ्या मांजराला बागेतलं काय कळत नाही. मी डिलीट करणार होतो, पण त्यानंच ते चार ग्रुपवर टाकलं. मांजराला कळत नाही म्हणूनच बागवाले हसले, मी मात्र ते न कळता लिहिलेलं. चाललं यादीत धरलंय, श्रेय घेत नाही.

आता 97 नंबर, आत्तापर्यंतचं सगळ्यात बरं.
बाई : आयर्विनला 40 फूट झालं, सामान वर घे!
मांजर : 45 ला बघू.
बाहेरच्यांसाठी, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45, पावसाळ्यात आमच्याकडं लोकं स्कोअर विचारल्यासारखं फूट विचारतात. दोन दिवस पाठवलं नाही. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, आमचं घर नदीकडच्या गावभागात, आम्ही विश्रामबागला काकांकडं होतो आणि परत आलो तेव्हा फ्रीज दारात आडवा पडलेला. ह्यावर जोक करायचा का, म्हणून आधी मम्मीला दाखवलं. तिनं मोबाईल लांब धरला, दोन बोटांनी मांजर मोठं केलं, काय बोलली नाही, उठून पप्पांच्या हातात दिला आणि म्हणाली, "बघा, तुमचा फोटो आलाय." 2019 ला पप्पा अक्षरशः हेच म्हणालेले, 45 ला बघू. मी विसरलेलो, आणि जोक माझाच समजत होतो.

पप्पांनी बराच वेळ बघितलं. "मांजर बरंय," एवढंच.

काल वही उघडली तर 113 नंबर आधीच लिहिलेला, त्यांच्या अक्षरात, फक्त मांजराची बाजू : "गाडी वर घेतलीया की." खरंच, तेव्हा फ्रीज खाली ठेवून स्कूटर जिन्यातनं वर चढवलेली. बाईची बाजू मोकळी सोडलीय. सकाळपासनं सहा ओळी लिहून खोडल्यात, फ्रीज हा शब्द टाकला की कळतं पण हसू येत नाही, नाही टाकला तर घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही. मम्मीला विचारलं तर म्हणाली, मला जे म्हणायचं होतं ते तेव्हाच म्हणून झालंय, ते लिहिण्यासारखं नाही.